‘बेल झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याच्या धाकट्या भावावर पुण्यात फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालचा गुन्हा दाखल आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला, पण सत्र न्यायालयात ‘बेल झाली’. त्याला दहा दिवस उलटले, तरी भाऊ अजून तुरुंगातच आहे आणि वकीलसाहेब म्हणतात की ‘बेल अजून बाकी आहे’. सोलापूर जिल्ह्यातले चुलते जामीन राहायला तयार आहेत, पण त्यांना जमीन जाण्याची भीती वाटते. बेल झाली असेल तर बाकी काय राहिले, आणि गुन्हा अजामीनपात्र असताना ती झालीच कशी, असे त्यांनी विचारले आहे.

जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी सतत ऐकू येतो. तुमच्या वकिलांच्या बोलण्यात विसंगती नाही, हे प्रथम सांगतो. न्यायालयाच्या आवारात ‘बेल’ हा एकच शब्द निदान पाच गोष्टींसाठी वापरला जातो. ‘बेल टाकली’ म्हणजे अर्ज दाखल केला. ‘बेल झाली’ म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचा आदेश निघाला. ‘बेल कोण राहणार?’ या प्रश्नात बेल म्हणजे जामीनदार, हाडामांसाचा माणूस. ‘बेल भरली’ म्हणजे जामीनदाराची कागदपत्रे तपासून न्यायालयाने त्याचा जामीनकतबा, म्हणजे त्याने लिहून दिलेली हमी, स्वीकारली. आणि ‘तो बेलवर आहे’ म्हणजे माणूस प्रत्यक्ष बाहेर आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली आहे, तिसरी आणि चौथी घडायची आहे, आणि म्हणून पाचवी अडली आहे.

हा घोळ केवळ बोलीतला असता तर वकिलांना दोष देऊन मोकळे होता आले असते, परंतु तो कायद्याच्या मजकुरातच शंभर-सव्वाशे वर्षे मुरलेला आहे. तपास मुदतीत पूर्ण न झाल्यास आरोपीला सोडावे असे सांगणारी जी तरतूद आहे, तिच्या इंग्रजी वाक्यात म्हटले आहे की आरोपी ‘बेल’ देण्यास तयार असेल आणि ती देत असेल तर त्याला ‘बेल’वर सोडले जाईल. एकाच वाक्यात पहिली बेल म्हणजे तारण किंवा जामीनदार, आणि दुसरी म्हणजे सुटका. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाच्या मुळाशी ‘हवाली करणे’ हा अर्थ होता; आरोपीला राजाच्या कैदेतून काढून ओळखीच्या, पत असलेल्या माणसाच्या हवाली करायचे आणि तारखेला त्याने आरोपीला हजर करायचे, अशी ती मूळची व्यवस्था. त्यामुळे सोडणे, ज्याच्या भरवशावर सोडले तो माणूस आणि त्याने लिहून दिलेला कागद या तिन्हींना एकच नाव चिकटले. मराठीतल्या ‘जामीन’ शब्दाचेही तेच झाले आहे: जामीन मिळतो आणि जामीन राहतात, दोन्ही आपण सहज बोलतो.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामीनपात्र गुन्ह्याची व्याख्या होती, पण खुद्द बेलची नव्हती. याचा फटका कोणाला बसतो हे १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात स्पष्ट दिसले. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश दिला होता, पण खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याचे कारण देऊन त्याला नाकारले. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढचा कायद्याचा प्रश्न वरवर पाहता कोशातला होता: ‘बेल’ म्हटले की जामीनदार आलाच, की आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या मुचलक्यावर सोडणे हीसुद्धा बेलच? त्यांनी दोन्ही अर्थ धरले, परजिल्ह्यातील जामीनदार नाकारणे अमान्य केले आणि मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. माझ्या मते जामिनाच्या कायद्यात गरीब आरोपीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे निकाल फार थोडे आहेत, आणि खालच्या स्तरावर इतक्या सहजपणे विसरले गेलेले निकालही फार थोडे आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही उणीव कागदावर तरी भरून काढली. तिच्या कलम २ मध्ये आता तीन वेगळ्या व्याख्या आहेत. बेल म्हणजे गुन्ह्याचा आरोप किंवा संशय असलेल्या माणसाची, अधिकाऱ्याने वा न्यायालयाने घातलेल्या अटींवर, लेखी हमी घेऊन कायद्याच्या ताब्यातून केलेली सुटका. जामीनदारासह दिलेली हमी म्हणजे बेल बाँड, आपला जामीनकतबा. जामीनदाराशिवाय दिलेली हमी म्हणजे नुसता बाँड, आपला जातमुचलका, ज्याला आवारात ‘पी. आर. बाँड’ म्हणतात. आदेश हातात घेतला की शेवटचा परिच्छेद आधी वाचावा तो यासाठीच. ‘अर्जदारास रु. २५,०००/- चा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर मुक्त करावे’ अशा धाटणीचे ते वाक्य असते. त्यातला ‘दिल्यावर’ हा शब्द पूर्ण होईपर्यंत न्यायालय कारागृहाला सुटकेचा आदेश पाठवत नाही.

याच वाक्यामुळे आणखी एक मोठा गैरसमज होतो. ‘पंचवीस हजारांची बेल’ म्हणजे पंचवीस हजार रुपये भरायचे, असे समजून घरचे लोक दागिने मोडायला निघतात. तसे काहीही भरायचे नसते. आरोपी हजर राहिला नाही तर आपण इतक्या रकमेपर्यंत जबाबदार राहू, अशी ती लेखी कबुली असते. अमेरिकी चित्रपटांत दलाल शुल्क घेऊन आरोपीची रक्कम भरतो आणि ते शुल्क परत देत नाही, तो धंदा आपल्याकडे कायद्याला मान्य नाही. तरीही आवारात घुटमळणारा कोणी ‘जामीनदार लावून देतो’ म्हणाला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे, कारण बनावट कागदांवर जामीनदार उभा केल्याचे उघड झाले की आरोपीचा जामीन जातोच आणि नवा गुन्हा दाखल होतो. रोख रक्कम भरण्याची सोय निराळी आहे. याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० प्रमाणे मुचलक्याऐवजी रोख ठेव घेण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, आणि महाराष्ट्रात बरेचदा ‘चार आठवड्यांसाठी तात्पुरती कॅश बेल’ असा आदेश मिळतो. म्हणजे आज रक्कम भरून माणूस बाहेर येतो आणि दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा करायचा असतो. ही रक्कम पावतीसह जपावी. अट पूर्ण झाल्यावर किंवा खटला संपल्यावर अर्ज करून ती परत मिळते.

आता चुलत्यांविषयी. जामीन राहताना त्यांना आधार कार्ड, रेशन कार्ड, छायाचित्रे आणि ऐपत दाखवणारा कागद लागेल: सातबारा आणि ८-अ, किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असतील तर पगारपत्रक. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि त्यातच आठवडा जातो. कारकून कागद तपासतो, शपथपत्र होते, मग न्यायाधीशांसमोर उभे राहावे लागते. तिथे प्रश्न ठरलेले असतात: आरोपी तुमचा कोण लागतो, किती रकमेला जामीन राहताय, याआधी कोणाला जामीन राहिला आहात का. शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. कलम ४८६ प्रमाणे आरोपीसह आपण किती जणांना जामीन आहोत हे तपशिलासह जाहीर करणे जामीनदारावर बंधनकारक आहे. गोंधळून ‘शेजारचा पोरगा आहे, वकिलांनी बोलावलं म्हणून आलो’ असे उत्तर देणारा चांगला ऐपतदार माणूसही नाकारला गेलेला मी पाहिला आहे, तेव्हा चुलत्यांना आदल्या संध्याकाळी सगळे समजावून सांगावे.

जमिनीची भीती समजण्यासारखी आहे, पण ती मोजून धरावी. सातबारा दाखवला म्हणजे जमीन गहाण पडली असे नाही. भाऊ तारखांना येत राहिला तर चुलत्यांना काहीही होत नाही. तो फरार झाला तर कलम ४९१ खाली मुचलका जप्त झाल्याचे नोंदवून न्यायालय त्यांना रक्कम भरा किंवा कारण दाखवा अशी नोटीस काढते, म्हणजे बाजू मांडण्याची संधी मिळते, आणि रक्कम काही अंशी माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. जबाबदारी मुचलक्यातल्या रकमेपुरतीच असते, मात्र ती वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवता येते, हेही त्यांच्यापासून लपवू नये. भावाचे लक्षण ठीक दिसेनासे झाले तर कलम ४८९ खाली अर्ज करून चुलते जामीनकीतून मोकळे होऊ शकतात. मग न्यायालय आरोपीला बोलावून नवा जामीनदार मागते आणि तो मिळाला नाही तर पुन्हा ताब्यात घेते.

जामीनदार पुणे जिल्ह्यातलाच हवा अशी अट आदेशात आहे का, ते पाहा. नसेल तर सोलापूरचा सातबारा केवळ परजिल्ह्यातला म्हणून नाकारता कामा नये. मोतीराम प्रकरण वकिलांनी दाखवावे. असेल तर ती अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी नेमक्या अशाच अडकलेल्या कैद्यांसाठी निर्देश दिले आहेत. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ई-मेलने जावा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकते, आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते, म्हणून अशा प्रकरणांत तो आग्रह धरू नये असेही त्यात आहे. तुमचे दहा दिवस झाले आहेत. उद्याच प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आदेशाची प्रत द्या. त्याला वकिलांवर अविश्वास समजले जात नाही.

दुसरा प्रश्न अजामीनपात्र गुन्ह्यात बेल कशी झाली हा. येथे ‘बेलेबल’ हे विशेषण फसवते. जामीनपात्र गुन्ह्यात सुटका हा आरोपीचा हक्क आहे. साधी दुखापत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपघाती मृत्यू अशा गुन्ह्यांत आरोपी हमी द्यायला तयार असेल तर ठाणे अंमलदारालासुद्धा त्याला अडवून ठेवता येत नाही. कलम ४७८ असेही सांगते की अटकेनंतर आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असे गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे. अजामीनपात्र म्हणजे मात्र जामीन नाहीच असे नव्हे. तिथे हक्काऐवजी न्यायालयाचा विवेकाधिकार येतो, एवढाच फरक. न्यायदंडाधिकारी कलम ४८० खाली आणि सत्र व उच्च न्यायालय कलम ४८३ खाली तो वापरतात. आरोपी पळून जाईल का, साक्षीदार फोडेल का, तपासाला त्याची अजून गरज आहे का, हे ते पाहतात. म्हणूनच आरोपीला पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळेपर्यंत, आमच्या भाषेत ‘एमसीआर’ होईपर्यंत, बहुतेक वकील अर्ज टाकत नाहीत. मोक्का, अमली पदार्थ किंवा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची गोष्ट वेगळी. तिथे कायद्यानेच दार अरुंद केले आहे, आणि तुमच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

वॉरंटाच्या बाबतीत हेच विशेषण निराळ्या अर्थाने येते. वॉरंट जामीनपात्र की अजामीनपात्र हे गुन्ह्यावरून ठरत नाही. ते काढणाऱ्या न्यायालयाने त्यावर अमुक रकमेची हमी घेऊन सोडावे असा शेरा मारला आहे की नाही, यावरून ठरते. चेक न वटल्याच्या खटल्यात गुन्हा जामीनपात्रच असतो, तरी आरोपी वारंवार गैरहजर राहिला की ‘एनबीडब्ल्यू’, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट, निघते आणि शनिवारी संध्याकाळी पोलीस दारात उभे राहतात. त्या वेळी ‘गुन्हा तर बेलेबल आहे’ हे उत्तर कामाला येत नाही. न्यायालयात हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्यावे लागते.

अटकपूर्व जामिनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण भावाच्या भागीदारासाठी त्याची गरज लागू शकते म्हणून दोन गोष्टी लिहितो. ही बेल व्याख्येत नीट बसत नाही, कारण अर्जाच्या वेळी माणूस कोणाच्याच ताब्यात नसतो. कलम ४८२ खाली न्यायालय एवढेच सांगते की अटक झालीच तर याला जामिनावर सोडावे. म्हणून आदेश मिळाल्यावरही तपास अधिकाऱ्यापुढे जाऊन, कागदोपत्री अटक दाखवून घेऊन, जामीनदार द्यावाच लागतो. आदेश खिशात ठेवून घरी बसणाऱ्यांचा नंतर विनाकारण मनस्ताप होतो. १९८० च्या गुरबक्ष सिंग सिब्बिया निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने या अधिकाराला नको ती कुंपणे घालू नयेत असे सांगितले, पण सरसकट सगळ्या गुन्ह्यांसाठी ढाल देणारा आदेशही नाकारला. २०२० मध्ये दुसऱ्या घटनापीठाने असा जामीन साधारणपणे मुदतीने बांधलेला नसतो हे स्पष्ट केले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मिळणारा तो अंतरिम जामीन. महाराष्ट्राने १९९३ मध्ये जुन्या कलमात दुरुस्ती करून त्याची पद्धत तपशिलाने लिहिली होती. गुन्हा परराज्यात नोंदलेला असेल तर तिथल्या न्यायालयापर्यंत पोहोचण्यापुरते मिळणारे संरक्षण म्हणजे ट्रान्झिट बेल.

तुमच्या भावाच्या प्रकरणात ज्या बेलकडे कोणाचे लक्ष गेले नसावे, ती म्हणजे डिफॉल्ट बेल. मघाशी जे दोन बेलांचे वाक्य सांगितले, ते इथले आहे. आता ते कलम १८७(३) मध्ये आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला सुटण्याचा हक्क मिळतो. फसवणुकीला कमाल शिक्षा सात वर्षे, म्हणजे त्याला ६० दिवस लागू होतात. दिवस अटकेपासून मोजत नाहीत, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे न्यायालयाने कोठडीत ठेवण्याच्या, आदेशापासून मोजतात, आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे रिमांडचा तो दिवसही धरायचा. इथे न्यायालय पुरावा किती भक्कम आहे हे पाहत नाही, फक्त दिनदर्शिका पाहते. मात्र हा हक्क आपोआप अमलात येत नाही. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालाने सांगितले की मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी आरोपीने अर्ज करून हमी देण्याची तयारी दाखवली की त्याने हक्क बजावला असे धरायचे. नंतर दुपारी दोषारोपपत्र आले तरी तो बुडत नाही. अर्जच केला नाही आणि दोषारोपपत्र दाखल झाले, तर मात्र हक्क संपतो. भावाचा जामीनदार काही कारणाने मिळालाच नाही आणि तो आतच राहिला, तर ही तारीख वकिलांकडून आजच लिहून घ्या. मंजूर झालेल्या नियमित जामिनाच्या अटी जड असतील तर डिफॉल्ट बेलचा अर्ज स्वतंत्रपणे करता येतो.

याला जोडूनच कलम ४७९ आहे. खटला चालू असताना कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पूर्वी कधी दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, सोडावे असे ते सांगते. सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षे चार महिने, तेव्हा तुमच्यावर ती पाळी येणार नाही असे धरून चालू. भावावर दुसरे खटलेही प्रलंबित असतील तर या कलमाचा आधार मिळत नाही, एवढे लक्षात असू द्या.

‘बेल गेली’ या शब्दांतही दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आरोपीने बाहेर येऊन फिर्यादीला धमकावले, तारखा चुकवल्या, अटी मोडल्या, तर जामीन रद्द होतो; ती त्याच्या नंतरच्या वागण्याची फळे असतात. आरोपीने काहीच केले नसले तरी मुळातला आदेशच महत्त्वाच्या बाबी दुर्लक्षून दिला गेला असे वरच्या न्यायालयाला वाटले, तर तो आदेश बाजूला सारला जातो. फिर्यादी पक्षाने तुमच्या भावाविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला, तर तो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे लागेल, कारण पहिल्याचे उत्तर शपथपत्रातील घटनांनी द्यायचे असते आणि दुसऱ्याचे मूळ आदेशाच्या कारणांनी.

शिक्षा झाल्यानंतरही हा शब्द पाठ सोडत नाही. वर्तमानपत्रात ‘तीन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन’ असे वाचून लोक चिडतात. तिथे न्यायालयाने कलम ४३० खाली अपील करता यावे एवढ्या काळासाठी त्याला बाहेर ठेवलेले असते. दोषसिद्धी कायम असते. पॅरोल आणि फर्लो यांना बेल म्हणणे मात्र सरळ चूक आहे. ती कारागृह प्रशासनाच्या नियमांखाली शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळणारी रजा आहे. आणि ज्याची कोणी अपेक्षा करत नाही अशी एक बेल निर्दोष सुटणाऱ्याच्या वाट्यालाही येते. कलम ४८१ प्रमाणे खटला संपण्यापूर्वी आरोपीकडून मुचलका किंवा जामीनकतबा घेतला जातो, जेणेकरून सरकारने निकालाविरुद्ध अपील केले तर तो वरच्या न्यायालयात हजर राहील. त्याची मुदत सहा महिने असते. तेव्हा चुलत्यांना सांगून ठेवा की त्या वेळी न्यायालयाने जामीनदार मागितला, तर त्यांना सातबारा घेऊन आणखी एकदा पुण्याला यावे लागेल.